तीन नंबरचा मुडदा

इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी डॉक्टर मंडळी लिहितात. कुणी आपल्या पहिल्या ऑपरेशनवर, कुणी आल्प्समधल्या पायपिटीवर. यंदा संपादकीणबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, "शेलारकाका, तुमच्या कामाबद्दल लिहा ना. अंक फार जड झालाय, काहीतरी हलकंफुलकं हवंय." माझ्या उभ्या आयुष्याचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं, म्हणून लगेच हो म्हटलं.

तर माझं काम म्हणजे पडणं. तरुणपणी मी घोड्यावरून पडायचो, आता उभ्या उभ्या पडतो. हाडांचे डॉक्टर सोडले तर या कामाने कुणाचं फारसं भलं झालेलं नाही. मुलांच्या पार्ट्यांना लाल नाक लावून येणारा, साउथहॅम्प्टनचा 'अंकल पोटॅटो' तो मीच. ज्यांच्या सोफ्यावर माझ्या तोंडाचा रंग लागला असेल त्यांनी मोठ्या मनाने माफ करावं.

सत्तरच्या दशकात आपल्याकडे काउबॉयच्या पिक्चरचं खूळ आलं होतं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी ते रुबाबात काढले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी कोल्हापूरजवळच्या माळावर काढले, आणि तिथे मी होतो. वडील टांगा चालवायचे, त्यामुळे घोडा मला शाळेआधी कळला, आणि शाळा शेवटपर्यंत कळली नाही. पिक्चरची नावं सांगत नाही. कुणी शोधून पाहिले तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तसं माझं तोंड त्यांत कुठेच नाही, पण त्याबद्दल पुढे सांगतो.

अमेरिका आमच्यातल्या एकानेही पाहिली नव्हती. टोप्या पुठ्ठ्याच्या, वर तपकिरी कापड. पावसाचे चार थेंब पडले की टोपीची भाकरी व्हायची. बंदुका गावच्या सुताराने केलेल्या. आणि घोडे वरातीचे. वरातीच्या घोड्याचं शिक्षण एवढंच, की बँड वाजला की नाचायचं. एकदा आम्ही बँक लुटून उधळलो होतो आणि खालच्या रस्त्याने कुणाची तरी वरात निघाली. अख्खी टोळी लुटीच्या पिशव्यांसकट जागच्या जागी ठुमकायला लागली. डायरेक्टर डोक्याला हात लावून खाली बसला. फिल्म वाया घालवणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो तुकडा तसाच ठेवून वर गाणं चढवलं. त्या पिक्चरमधलं लोकांना आवडलेलं तेवढं एकच.

टोळी म्हणजे आम्ही पाचजण. पडद्यावर पन्नास दरोडेखोर मरायचे, ते सगळे आम्हीच. मेलो की उठायचं, टोपी बदलायची, घोडा बदलायचा, पुन्हा यायचं आणि पुन्हा मरायचं. आम्हाला नावं नव्हती, नंबर होते. मी तीन नंबर. तोंडावर कायम रुमाल, आणि मेल्यावर तोंड मातीत. दोन वेळा तोच माणूस मरताना दिसला तर पब्लिक खुर्च्या फोडेल, अशी डायरेक्टरला धास्ती होती. त्यामुळे पडता पडता कॅमेऱ्याकडे पाठ करायची, हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा आणि खांद्यावर यायचं. हात टेकायचा नाही. ज्याने हात टेकला त्याचं मनगट गेलं.

मेल्यावरचा नियम त्याहून कडक. आपणहून उठायचं नाही. चार नंबर एकदा शिंक आली म्हणून उठून बसला आणि अख्खा शॉट फुकट गेला. माळावर वारा इतका असायचा की लांबून डायरेक्टर 'कट' ओरडला तरी मुडद्यांपर्यंत ऐकू यायचं नाही. म्हणून आमच्यात पद्धत पडली होती, की कॅमेरा बंद झाला की जवळ उभ्या असलेल्या हीरोने मुडदे उठवायचे. "दोन नंबर, ऊठ. तीन नंबर, ऊठ. कट झाला." हे ऐकू येईपर्यंत मुंग्या चावोत नाहीतर घोडा मुतो, पडून राहायचं.

आमचा हीरो म्हणजे शमशेर. घरचं नाव शशिकांत, पण घरचं नाव पोस्टरवर शोभेना. उंचापुरा, देखणा, आवाज असा की टूरिंग टॉकीजच्या कनाती हलाव्यात. फक्त घोड्याला घाबरायचा. घाबरायचा म्हणजे घोडीने शेपूट हलवली तरी याचा रंग उडायचा. वर चढवायला स्टूल लागायचं आणि उतरवायला मी आणि दोन नंबर. आमच्या एकाही पिक्चरमध्ये हीरो घोड्यावरून उतरताना दिसणार नाही. तो वर दिसतो, मग एकदम खाली दिसतो. मधल्या वेळेत तो आमच्या खांद्यांवर असायचा. माणूस वाईट नव्हता. चहा आला की आधी आम्हाला द्यायला सांगायचा. फक्त आमची नावं त्याने कधी विचारली नाहीत.

आणि मग ती उडी. हीरोने घोडी ओढ्यावरून पलीकडे उडवायची, असं कागदावर होतं. शमशेरने ओढा पाहिला आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. मग त्याचं झालर लावलेलं चामड्याचं जाकीट मला घातलं, त्याची टोपी दिली आणि सांगितलं, पाठ कॅमेऱ्याकडे. घोडीचं नाव चंपी. वरातीत तिने पुष्कळ नवरे पोचते केले होते, पण ओढा कधी ओलांडला नव्हता. मी तिच्या कानाशी बँडची चाल गुणगुणत गेलो आणि काय अंगात आलं तिच्या कोण जाणे, बया उडाली. मी आयुष्यात हीरो होतो तो तेवढाच, घोडीचे चारही पाय हवेत असेपर्यंत. पलीकडे ती सुखरूप उतरली, मी तिच्या पुढे उतरलो. खांद्याचं हाड मोडलं.

सरकारी दवाखान्यात एक नवीन नर्स ड्यूटीवर होती. तिने कात्री घेऊन शमशेरच्या जाकिटाची बाही सरळ कापून काढली. दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनचा माणूस आला, जाकीट कुठंय म्हणून विचारायला. मला कसं वाटतंय हे त्याने विचारलं नाही. त्या नर्सने त्याला असा काही झापला की तो कापलेली बाही तशीच टाकून पळाला. मी म्हटलं, हीच. दीड वर्षाने सुलभाशी लग्न झालं. ती बाही तिने कितीतरी वर्षं भांडी पुसायला वापरली, हे प्रेमाचं लक्षण की कसलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काउबॉयचं खूळ जसं आलं तसं गेलं. पुढे मी कोल्हापुरात रिक्षा चालवली, ते सांगण्यासारखं नाही. नवं शतक लागता लागता इथल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या, सुलभा इंटरव्ह्यू पास झाली आणि आम्ही साउथहॅम्प्टनला आलो. म्हणजे ती आली, मी तिच्या व्हिसाला चिकटून आलो. ती वॉर्डात, मी सुपरमार्केटच्या कार पार्कात ट्रॉल्या गोळा करायला. ट्रॉल्यांची लांब रांग ढकलताना मी त्यांना घोड्यासारखा आवाज द्यायचो. मॅनेजरने एकदा विचारलं, आर यू ऑल राइट? मी म्हटलं, येस सर, इट इज युवर ट्रॉली हू इज नॉट.

विदूषक झालो तो फुग्यामुळे. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. मुलांसाठी बोलावलेला जादूगार आलाच नाही. हॉलमध्ये मुलांचा नुसता दंगा, आणि मी कोपऱ्यात फुगे फुगवत बसलेलो. एक फुगा फुटला. ठो आवाज झाला आणि मी पडलो. ठरवून नाही हो. इतकी वर्षं तो आवाज झाला की मरायचं, हे अंगात मुरलेलं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, खांद्यावर आलो आणि तोंड कार्पेटमध्ये. मग पडून राहिलो, कारण कुणी कट म्हटलंच नाही. दोन डॉक्टर धावत आले, एकाने नाडी धरली. तेव्हा मी डोळा उघडून म्हटलं, झालं का? मुलं अशी हसली की हॉलवाला बघायला आला. मग सगळ्यांनी राहिलेले फुगे एकेक करून माझ्यावर फोडले. त्या दिवशी मी जितक्या वेळा मेलो तितका माळावरही मेलो नव्हतो.

पडता येतं म्हणजे विदूषक होता येतं, असं मला वाटलं. रेग नावाच्या म्हाताऱ्या गोऱ्या विदूषकाने तो भ्रम घालवला. चर्चच्या हॉलमध्ये तो दर आठवड्याला चारदोन हौशी लोकांना शिकवायचा. माझं पडणं पाहून म्हणाला, सुंदर, पण तू लाज वाटल्यासारखा का पडतोस? चेहरा दाखव. विदूषकाने पडण्याआधी लोकांकडे बघायचं असतं, आता मी पडणार हे चेहऱ्याने सांगायचं असतं, मगच ते हसतात. मला ते जमेना. पडायची वेळ आली की मान आपोआप वळायची. रेग वैतागून माझी हनुवटी धरून समोर फिरवायचा. तोंडावर पांढरा रंग लावला तेव्हा कुठे जमलं. म्हणजे चेहरा दाखवायला मला आधी तो झाकावा लागला. माझ्या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. एका गोऱ्या बाईंना मुलासाठी काउबॉय पार्टी हवी होती. मी खूश. त्या फोनवर म्हणाल्या, तुम्ही इंडियन ना, मग पिसांची टोपी तुमच्याकडे असेलच. मी काउबॉय होऊन गेलो. पाहुण्यांनी मला दोनदा विचारलं की, खरा काउबॉय कधी येणार?

मेडनहेडला एका आयटीवाल्या जोडप्याने बाळाच्या बोरन्हाणाला मला बोलावलं. बाळ हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलेलं, मी दारातून आत आलो आणि त्याने माझं नाक पाहून असा भोंगा काढला की विचारू नका. मांडीवर घेतलं तरी थांबेना. कुरमुरे, बोरं, चॉकलेटं तयार, पण ओतायची कुणावर? पुण्याहून आलेल्या आजी म्हणाल्या, "या काकांनाच बसवा पाटावर. तेही कुणाचं तरी लेकरूच आहे." मला बसवलं, ओवाळलं, आणि डोक्यावर सगळं ओतलं. बाळ ते बघून हसायला लागलं. मला मात्र का कोण जाणे, रडायला आलं. उठताना बोराच्या बीवरून पाय घसरला आणि खराखुरा आपटलो, कंबर धरून. त्या वेळी एकजणही हसला नाही. इतका वाईट पडलो होतो.

सुलभाला हे काम आवडायचं नाही असं नाही, पण सांगायला जड जायचं. मंडळात तिच्या भोवती सगळ्या डॉक्टरीणबाया. मिस्टर काय करतात, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "हे एंटरटेनमेंटमध्ये आहेत," आणि लगेच भाजीची रेसिपी विचारायची. मी तिला कधी बोललो नाही. मी तरी माळावरच्या दिवसांत घरी काय सांगायचो? पिक्चरमध्ये आहे म्हणून सांगायचो, मुडदा आहे म्हणून नाही.

आणि आता ब्रिस्टल. तिथल्या मंडळाने गणपतीत मुलांसाठी मला बोलावलं होतं. शाळेचा हॉल, बाहेर मैदान, मैदानात शेजारच्या फार्मवरची बाई आपलं तट्टू घेऊन मुलांना चकरा मारवत होती. मी टॉयलेटमध्ये तोंड रंगवून बाहेर आलो तर हॉलमध्ये भाषण चाललेलं. सेक्रेटरी डॉक्टर केळकर सांगत होते, की आपल्या शहराचं केवढं भाग्य, एकेकाळचे ॲक्शन हीरो आता विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या मुलाकडे इथे राहायला आलेत. आणि शाल पांघरून शमशेर उभा राहिला. केस पांढरे, पाठीला जरा बाक, आवाज तोच.

मी मागच्या भिंतीला टेकून ऐकत राहिलो. त्याने माळ सांगितला, टोप्या सांगितल्या, वरातीचं नाचणं सांगितलं. छान सांगत होता. मग म्हणाला, "आणि मग मी तो ओढा पाहिला. म्हटलं, डुप्लिकेट नको. घोडीला टाच मारली आणि उडवली पलीकडे." टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलंही टाळ्या वाजवत होती, माझी मुलं, जी अर्ध्या तासाने माझ्यावर फुगे फोडणार होती.

खोटं कशाला बोलू, फार लागलं मला. पैसा, नाव, पोस्टर, काही कधी मागितलं नव्हतं. ती उडी तेवढी मी माझी समजत होतो. रिक्षा चालवताना, ट्रॉल्या ढकलताना, झोप येईना की ती काढून बघायचो. आणि ती माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या खिशात गेली. माझ्याबरोबर आलेली सुलभा शेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "अहो, जा. सांगा की त्याला." मी म्हटलं, या तोंडाने? पुढचा विचार माझा मलाच पटला, की लाल नाकाचा माणूस उठून म्हणाला, ती उडी माझी, तर लोक हसतीलच. तो माझा धंदाच आहे.

भाषण संपलं, सगळे मैदानात आले. आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हीरो आहे, घोडा आहे, एक फोटो झाला पाहिजे. शमशेर नको नको म्हणत होता. लोकांना तो विनय वाटला. मला मात्र त्याची ती नजर ओळखीची होती. खुर्ची आणली, चारजणांनी त्याला वर बसवला. फार्मवाली बाई फोटोसाठी लगाम सोडून बाजूला झाली. आणि फाटकाबाहेर आइस्क्रीमची व्हॅन आली, तिची घंटेची धून वाजली.

त्या तट्टाला त्या व्हॅनवाल्याकडून रोज कोन मिळत असणार. वरातीचं जनावर आणि हे, जात एकच. कान टवकारले आणि निघालं फाटकाच्या दिशेने. शमशेर आयाळ धरून आडवा झाला. लोकांना वाटलं, हीरो चक्कर मारून दाखवतोय. टाळ्या पडल्या. फाटकापलीकडे रस्ता होता, गाड्या होत्या.

मी धावलो. मोठे बूट घालून घोड्यामागे धावण्याचा प्रसंग कुणावर येऊ नये. आडवा गेलो, लगाम धरला, तट्टाचं तोंड वळवलं आणि तोंडाने चुचकारून थांबवलं. वर बघितलं तर शमशेर पांढराफटक, ओठ निळे, आणि सगळी माणसं कॅमेरे घेऊन आमच्याकडे धावत येताहेत. अजून एक क्षण आणि ते सगळं सगळ्यांना दिसलं असतं. मला बदला घ्यायचा असता तर नुसतं बाजूला व्हायचं होतं. पण पाय सवयीचे गुलाम. मी लगाम फार्मवालीच्या हातात कोंबला, लोकांकडे तोंड केलं, रेगने शिकवल्यासारखं, आणि छातीवर हात मारला. जणू हीरोने गोळी घातली. मग असा पडलो, असा पडलो, की माळावर पडलो असतो तर त्यांनी मला नाव दिलं असतं. सगळ्यांच्या नजरा खाली आल्या. पोरं खिदळली. शमशेरला श्वास घ्यायला वेळ मिळाला.

मी गवतात तोंड घालून पडून राहिलो. हसू ओसरलं. एक पोरगी म्हणाली, "अंकल, तुमचा नाक पडला." तरी मी उठलो नाही.

मग वरून आवाज आला, हळू, घोगरा.

"तीन नंबर, ऊठ. कट झाला."

मी उठलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, रंगाच्या आत पाहिलं. म्हणाला, "नाव काय रे तुझं?"

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट पाहिली असेल! आणि आला तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? "अंकल पोटॅटो." सवय, दुसरं काय. पोरं पुन्हा हसली.

गर्दीतून सुलभा पुढे आली. तिचा आवाज वॉर्डातला होता, शेवटच्या कॉटपर्यंत जाणारा. "दत्ताराम शेलार. माझे मिस्टर आहेत. विदूषक आहेत. आणि ओढ्यावरची उडी त्यांची होती. तुमच्या जाकिटाची बाही मी या हातांनी कापलीय."

डॉक्टर केळकर शालीकडे बघत राहिले. व्हॅनची घंटा तेवढी वाजत होती. शमशेरने आयाळ सोडली. मला वाटलं, आता हसण्यावारी नेईल, मोठा माणूस आहे, जमेल त्याला. मी मनातून तयारही होतो, नाक लावून पुन्हा पडायला.

त्याने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. आणि कनाती हलवणाऱ्या त्या जुन्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दत्ताराम, मला खाली उतरव रे बाबा. मला घोड्यावरून उतरता येत नाही. कधीच येत नव्हतं."

मी त्याला उतरवला. हलका झाला होता पूर्वीपेक्षा. इतक्या वर्षांत आमचा हीरो घोड्यावरून उतरताना लोकांनी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याला उतरवणाऱ्याचं तोंड या खेपेला कॅमेऱ्यांकडे होतं.